डबल एंट्री पुसली म्हणजे बग गेला का? एका पिग्मी ॲपचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्यातल्या एका पतसंस्थेचं आणि तिच्यासाठी पिग्मीचं ॲप बनवणाऱ्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं आहे. नावं कुणाचीच देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेत. संस्थेच्या शाखा डिचोली आणि सत्तरीत, कंपनीचं ऑफिस पर्वरीला, मी तेव्हा कंपनीत टेस्टिंग आणि सपोर्ट दोन्ही बघत होते, लहान ठिकाणी तसंच असतं.

पिग्मी गोव्यात कुणाला समजावून सांगायला नको पण बाहेरच्यांसाठी सांगते. एजंट रोज दुकानात, बाजारात, घरी येतो, पन्नास शंभर जे काय असेल ते बचत म्हणून घेतो, पावती देतो, संध्याकाळी शाखेत भरतो. सिंडिकेट बँकेनं ही योजना १९२८ मध्ये सुरू केली, अगदी दोन आण्यांपासून, आणि आपल्या किनाऱ्यावर ती इतकी रुजली की आज पतसंस्थांचा मोठा आधार तीच आहे. फुलं विकणारी बाई, गाडेवाला, टेलर, यांची चवथीची (गणेश चतुर्थीची) खरेदी, मुलांची फी, घराचं छप्पर, सगळं या पैशातून होतं. म्हणजे रक्कम लहान दिसते पण तिच्यामागे माणसाचा हिशोब अगदी पक्का असतो.

आधी एजंट हातानं कार्डावर लिहायचे. मग आमचं ॲप आलं. एजंट खाते नंबर आणि रक्कम टाकतो, कमरेला लावलेल्या छोट्या ब्लूटूथ प्रिंटरमधून पावती निघते, एंट्री फोनमधल्या डेटाबेसमध्ये सेव्ह होते आणि नेटवर्क मिळालं की ॲप ती सर्व्हरला पाठवतं. नेटवर्क नसलं तरी काम अडू नये म्हणून हे असं केलेलं, कारण वाळपईच्या पुढे घाटाकडे गेलं की फोनच्या काड्या कधी येतात कधी जातात याचा नेम नाही, आणि पावसाळ्यात तर वीज गेली की टॉवर पण जातो.

अडचण

पावसाळा सुरू झाला तशी तक्रार यायला लागली. काही एजंटांचा दिवसाचा रिपोर्ट आणि पिशवीतली रोख जुळेना. रिपोर्टमध्ये जास्त, हातात कमी. बघितलं तर एकाच खात्यावर एकाच रकमेची एंट्री दोनदा, काही मिनिटांच्या अंतरानं. ग्राहकानं पैसे एकदाच दिलेले, पावती एकच निघालेली, सर्व्हरवर मात्र दोन.

रोज होत नव्हतं, सगळ्यांना होत नव्हतं, आणि ऑफिसात तर एकदाही झालं नाही. आम्ही वायफाय बंद चालू करून बघितलं, सिम काढून बघितलं, काही नाही. डेव्हलपर म्हणायचे हे होऊच शकत नाही, कारण प्रत्येक एंट्रीबरोबर एक युनिक आयडी जातो आणि तोच आयडी परत आला तर सर्व्हर घेतच नाही. कोड उघडून दाखवायचे, आणि कोडमध्ये ते खरंच तसं होतं.

इथे पहिला वाईट भाग झाला. बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, सापडेना तोपर्यंत शाखेतल्या कॅशियरला दिवस तर बंद करायचा असतो ना, मग कमी पडलेले पैसे एजंटानं भरायचे. तीनशे, दोनशे, कधी पाचशे. एजंटाची कमाई म्हणजे कमिशन, त्यातून हे जायचं. एक काका, वीसेक वर्षं हेच काम करणारे, ते फोनवर मला म्हणाले, "बाय, मी एवढी वर्षं पैसे मोजतो, मला मोजता येत नाही असं आता तुमचं मशीन म्हणतंय." त्यांना काय उत्तर द्यायचं हे सपोर्टच्या चेकलिस्टमध्ये नव्हतं. शाखेच्या मॅनेजरबाई चांगल्या होत्या, पण त्यांच्यासमोर एका बाजूला छापील रिपोर्ट आणि दुसऱ्या बाजूला माणसाचा शब्द, त्यांनी रिपोर्ट धरला.

ब्रिटनमध्ये पोस्ट ऑफिसच्या होरायझन नावाच्या हिशोबाच्या कॉम्प्युटर सिस्टीमबाबत हेच झालं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. फुजित्सूनं चालवलेली ती सिस्टीम हिशोबात तूट दाखवायची आणि पोस्ट ऑफिस शाखा चालवणाऱ्या लोकांना धरायचं. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेच्या वर लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, अनेकांनी घरातले पैसे घालून तूट भरली. डिसेंबर २०१९ मध्ये हायकोर्टानं सांगितलं की सिस्टीममध्ये बग होते आणि त्यांच्यामुळे अशी तूट दिसू शकत होती. शिक्षा रद्द करायला २०२४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आमच्याकडे कुणावर पोलीस केस झाली नाही, पण सुरुवात तशीच होती: सिस्टीमवर विश्वास आधी, माणसावर नंतर.

कोणते पर्याय होते

फेब्रुवारी उजाडला तेव्हा संस्थेकडून स्पष्ट निरोप आला की ३१ मार्चच्या आत हे मिटलं पाहिजे. वर्षअखेर, त्यानंतर ऑडिट, ऑडिटरसमोर डबल एंट्री आणि रोज हातानं केलेल्या उलट एंट्र्या ठेवून बसायला कुणाला आवडेल. त्यांची घाई मला चुकीची वाटत नाही, सहकारी संस्थेला रजिस्ट्रारकडे जबाब द्यावा लागतो. मीटिंगमध्ये जे पर्याय आले ते असे.

एक म्हणजे रोज रात्री सर्व्हरवर स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, चालवायची. एकच एजंट, एकच खाते, एकच रक्कम, सर्व्हरवर पंधरा मिनिटांच्या आत आलेल्या दोन एंट्र्या दिसल्या की दुसरी डिलीट. एका दिवसाचं काम.

दुसरा, अशा एंट्र्या डिलीट करायच्या नाहीत, फक्त बाजूला काढून सकाळी मॅनेजरला यादी द्यायची, मग एजंटाला विचारून त्यांनीच ठरवायचं. यात शाखेचं काम वाढतं.

तिसरा, पावसाळ्यानंतरही जिथे त्रास आहे तिथल्या एजंटांनी नेटवरून पाठवणं बंद करायचं आणि संध्याकाळी शाखेत येऊन एकदाच अपलोड करायचं. सुरक्षित, पण मग ग्राहकाला लगेच एसएमएस जातो ही जी सोय विकली होती ती गेली.

चौथा, मूळ शोधायचं. किती दिवस लागतील सांगता येत नाही.

आमचे सीनियर पहिल्या पर्यायाच्या बाजूनं होते आणि त्यांचा मुद्दा मी इथे नीट मांडते, कारण तो फालतू नव्हता. ते म्हणाले, ग्राहकाला बरोबर बॅलन्स दिसला की झालं, आत काय होतं याच्याशी त्याला काय करायचंय. आणि सगळं सॉफ्टवेअर असंच उभं आहे. इंटरनेटवर पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, हरवतात, टीसीपी नावाची इंटरनेटची पाठवायची पद्धत ती परत पाठवते, डबल आली तर एक टाकून देते, आपल्याला कळत पण नाही आणि आपण त्याला भरवशाचं म्हणतो. सर्व्हरच्या मेमरीत एखादा बिट उलटला तर ईसीसी मेमरी तो गुपचूप सरळ करते. मग आपण डबल एंट्री गुपचूप काढली तर त्यात एवढं काय?

त्या दिवशी या प्रश्नाला मीटिंगमध्ये कुणी नीट उत्तर दिलं नाही. मी नंतर यावर खूप विचार केला, आणि माझ्या मते उत्तर आहे, आणि ते या प्रकरणाचं मुख्य सूत्र आहे. टीसीपी डबल पॅकेट टाकतं कारण त्याला *माहीत* असतं की ते डबल आहे, प्रत्येक बाइटचा क्रमांक हिशोबात असतो, अंदाज कुठेच नाही. शिवाय किती वेळा परत पाठवावं लागलं त्याची मोजणी ऑपरेटिंग सिस्टीम ठेवते, कुणालाही बघता येते. ईसीसी मेमरीपण सरळ केलेल्या चुकांची नोंद करू शकते, म्हणून तर खराब होत चाललेली मेमरी आधीच कळते. आमची स्क्रिप्ट अंदाज करणार होती, आणि अंदाज चुकला तर ते कळायचा एकमेव पुरावा, म्हणजे ती दुसरी एंट्री, तीच डिलीट करणार होती. वारंवार उडणाऱ्या फ्यूजमध्ये जाड तार घालावी तसं हे, दिवा लागतो पण इशारा देणारी गोष्ट गेली.

फ्यूजवरून एक खरी घटना सांगायलाच हवी. थेरॅक-२५ नावाचं कॅन्सरवर रेडिएशन देणारं मशीन होतं, १९८५ ते १९८७ मध्ये त्यानं सहा पेशंटना भयंकर जास्त डोस दिला, त्यातले काही दगावले. नंतर कळलं की त्यातला एक बग आधीच्या थेरॅक-२० मध्येसुद्धा होता, पण तिथे वेगळी हार्डवेअर सुरक्षा होती, चुकीची सेटिंग झाली की फ्यूज उडायचे आणि कुणाला इजा व्हायची नाही. फ्यूज का उडतात याच्या मुळाशी कुणी गेलं नाही. नवीन मशीनमधून ती हार्डवेअर सुरक्षा काढली आणि झाकलेला बग माणसांपर्यंत पोचला. अपघातानंतर कंपनीनं सुरुवातीला काय उपाय पाठवला माहितेय? कीबोर्डवरची वरच्या बाणाची की काढा आणि तिथे चिकटपट्टी लावा, म्हणजे ऑपरेटर मागे जाऊन दुरुस्ती करणार नाही आणि बग जागा होणार नाही.

पण तात्पुरतं झाकणं नेहमीच वाईट असंही मी म्हणणार नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफएएनं, म्हणजे तिथल्या विमान सुरक्षेच्या सरकारी खात्यानं, बोइंग ७८७ बद्दल आदेश काढला की विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटरचे कंट्रोल युनिट एकदम बंद पडू शकतात, म्हणून त्याआधी ठराविक मुदतीत वीज पूर्ण बंद करून चालू करा. आतला एक काउंटर भरून वाहत होता. हा पण बग झाकणंच झालं, रीस्टार्ट करा आणि पुढे चला. पण कारण सांगितलेलं, मर्यादा सांगितलेली, प्रत्येक विमान कंपनीला लेखी कळवलेलं, आणि सॉफ्टवेअर बदलायचं काम चालू असल्याचं उघड. असं झाकणं मला मान्य आहे, त्यात कुणालाही अंधारात ठेवलेलं नाही.

काय केलं

पहिला पर्याय निवडला. रात्री साडेबाराला स्क्रिप्ट, दोन वाजता बॅकअप.

हा झाला निर्णयाचा पहिला टप्पा. पण माझ्या मते जास्त महत्त्वाचा टप्पा दुसऱ्या दिवशी आला आणि तो दोन मिनिटांत उरकला. तिकिटावर, म्हणजे आमच्याकडच्या तक्रारीच्या नोंदीवर, स्टेटस काय टाकायचं? एक ज्युनियर मुलगा म्हणाला की तिकीट उघडं ठेवूया, "तात्पुरता उपाय, कारण माहीत नाही" असं लिहूया. सीनियर म्हणाले उघडं ठेवलं तर क्लायंट विचारेल, मेंटेनन्सचं बिल अडेल, फिक्स्ड टाक. फिक्स्ड टाकलं. संस्थेला मेल गेला की समस्या सुटली आहे. स्क्रिप्ट एंट्री डिलीट करते हे त्या मेलमध्ये नव्हतं.

मला वाटतं स्क्रिप्ट लिहिणं हा दबावाखाली घेतलेला निर्णय होता आणि तो समजून घेता येतो. तो मेल मात्र समजून घेता येत नाही. मॅनेजरबाईंना माहीत असतं की रोज रात्री सिस्टीम स्वतःच्या अंदाजानं ग्राहकांच्या एंट्र्या काढते, तर त्यांनी पहिल्या दिवशीच विचारलं असतं की जो माणूस दिवसातून दोनदा सारखीच रक्कम देतो त्याचं काय.

झाकलेलं बाहेर आलं

मार्च छान गेला. ऑडिट झालं. एजंटांची तूट बंद झाली, सगळे खूश, त्या काकांनी सुद्धा फोन करून सांगितलं की आता जुळतंय.

मग पाऊस परत आला, आणि चवथीच्या आधी लोक पिग्मी मोडायला शाखेत यायला लागले. बाजारात फुलं आणि हार विकणाऱ्या एक बाई आल्या. त्या रोज सकाळी शंभर आणि संध्याकाळी बाजार उठताना शंभर द्यायच्या, सकाळचे घरासाठी आणि संध्याकाळचे मुलीसाठी असा त्यांचा मनातला हिशोब, खातं मात्र एकच. त्यांच्या हिशोबानं जेवढे व्हायला हवे त्यापेक्षा पासबुकात बरेच कमी होते. क्लार्कनं सांगितलं मावशी कॉम्प्युटर बरोबर असतो. मावशी घरी गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या सगळ्या पावत्या घेऊन आल्या.

पावत्या थर्मल पेपरच्या, उष्णतेनं आणि दमट हवेनं त्यांच्यावरची अक्षरं उडतात, त्यामुळे जुन्या अर्ध्या पावत्या कोऱ्या झालेल्या. पण अलीकडच्या वाचता येत होत्या आणि त्यावर एकाच तारखेच्या दोन दोन पावत्या, वेळ वेगळी, सिस्टीममध्ये एकच.

कारण शोधायला वेळ लागला नाही. सर्व्हर एंट्री *कधी पोचली* ती वेळ बघायचा, पावती कधी निघाली ती वेळ फोन पाठवतच नव्हता, पावती नंबर पण नाही. जिथे नेटवर्क चांगलं तिथे सकाळची एंट्री सकाळी पोचायची, संध्याकाळची संध्याकाळी, स्क्रिप्टला काही अडचण नाही. जिथे दिवसभर नेटवर्क नाही तिथे दोन्ही एंट्र्या रात्री एकाच मिनिटात पोचायच्या, आणि स्क्रिप्टला त्या डबल वाटायच्या. म्हणजे ज्या भागातल्या लोकांसाठी हे ऑफलाइन ॲप बनवलं होतं, बरोबर त्याच लोकांचे पैसे ती खात होती.

आणि एजंटाकडे काय व्हायचं? आधी तूट यायची आता जास्तीची रोख यायला लागली. काहींनी ती प्रामाणिकपणे शाखेत भरली, कॅशियरनं सस्पेन्स खात्यात, म्हणजे हिशोब न लागलेले पैसे ठेवायच्या खात्यात, टाकली. सस्पेन्स खात्यातली रक्कम महिन्यामहिन्यानं वाढत होती. दिसत सगळ्यांना होती, पण सिस्टीम फिक्स झालीय असं लेखी आलेलं असल्यानं कुणी तिचा संबंध सॉफ्टवेअरशी लावला नाही. फिक्स्ड लिहिल्याचं नुकसान हे असं होतं, पुढचा माणूस त्या दिशेला बघायचं सोडतो.

मूळ कसं सापडलं

तो ज्युनियर मुलगा एक दिवस काकांबरोबर फेरीला गेला, ऑफिसात बसून काही होत नाही म्हणून. काका पावती फाडून द्यायचे आणि लगेच पॉवर बटण दाबून फोन खिशात टाकायचे, पाऊस असतो ना. ऑफिसात आमचे टेस्टिंगचे फोन नेहमी केबलनं लॅपटॉपला लावलेले, स्क्रीन चालू, चार्जिंग चालू.

फरक तिथेच होता. अँड्रॉइड ६ बरोबर २०१५ मध्ये डोझ नावाची सोय आली, फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि थोडा वेळ पडून असेल तर मागे चालणाऱ्या ॲपचं नेटवर्क फोन थांबवून ठेवतो, आणि अँड्रॉइड ७ पासून फोन खिशात हलत असला तरी. शिवाय काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागचं ॲप सरळ मारून टाकतात. चार्जिंगला लावलेल्या फोनवर डोझ लागूच होत नाही, म्हणून ऑफिसात तो बग आपोआप दिसणं जवळजवळ अशक्य होतं, कितीही दिवस बसलो असतो तरी.

आता युनिक आयडीकडे येऊ. आयडी होता, पण तो पावती निघताना बनत नव्हता, एंट्री *पाठवायला घेताना* बनत होता आणि फक्त मेमरीत राहायचा. मग होतं काय, फोन एंट्री पाठवतो, सर्व्हर ती घेतो, पण "मिळाली" हे उत्तर फोनपर्यंत पोचायच्या आत नेटवर्क जातं किंवा फोन ॲप मारतो. काकांनी पुढच्या दुकानात ॲप उघडलं की ॲपला डेटाबेसमध्ये दिसतं की ही एंट्री अजून गेलेली नाही, ते परत पाठवायला घेतं, आणि नवीन आयडी बनवतं. सर्व्हरच्या दृष्टीनं ही वेगळीच एंट्री. डेव्हलपर म्हणत होते ते खरं होतं की एक आयडी दोनदा घेतला जात नाही, पण एकाच पावतीला दोन आयडी मिळू शकतात हे कुणी तपासलं नव्हतं.

कारण कळल्यावर ऑफिसात सर्व्हरचं उत्तर मुद्दाम अडवलं, ॲप बंद केलं, परत उघडलं, डबल एंट्री समोर. इतके महिने न सापडलेला बग मागाल तेव्हा दाखवता यायला लागला. माझ्यासाठी बग समजल्याची खूण हीच आहे, आपल्याला तो हवा तेव्हा घडवता येतो आणि बदल केल्यावर त्याच पद्धतीनं तो घडत नाही.

बदल छोटा होता. आयडी पावती बनतानाच तयार करायचा आणि एंट्रीबरोबर एकाच फटक्यात फोनच्या डेटाबेसमध्ये सेव्ह करायचा, कितीही वेळा पाठवलं तरी तोच. पावती नंबर आणि फोनची वेळ दोन्ही सर्व्हरला पाठवायची. पावतीवर आयडीचे शेवटचे काही अंक छापायचे, म्हणजे ग्राहकाच्या हातातला कागद आणि सर्व्हरवरची ओळ यांची गाठ पडते. डिलीट करणारी स्क्रिप्ट बंद, तिच्या जागी फक्त संशयित एंट्र्यांची यादी, म्हणजे दुसरा पर्यायच, जो आधी शाखेचं काम वाढतं म्हणून टाकला होता.

निकाल

नवीन व्हर्जननंतर डबल एंट्री आली नाही, पुढच्या पावसाळ्यात पण नाही. सॉफ्टवेअरचा भाग एवढ्यात संपला.

पैशाचा भाग संपायला खूप जास्त वेळ गेला. डिलीट केलेल्या ओळी परत आणायला गेलो तर बॅकअप स्क्रिप्टनंतरचा, म्हणजे त्यात त्या ओळी नव्हत्याच. मग एजंटांच्या फोनमधले डेटाबेस काढले. ज्यांनी मधे फोन बदलला त्यांचं तेही गेलेलं. शेवटी कामाला आल्या त्या काही जुन्या एजंटांच्या वह्या, ॲप आल्यावरही सवयीनं रोज खाते नंबर आणि रक्कम लिहून ठेवणाऱ्या. काकांची वही तर तारीखवार इतकी स्वच्छ होती की त्यांच्या भागातल्या जवळजवळ सगळ्या एंट्र्या तिच्यावरूनच परत लावता आल्या. मॅनेजरबाईंनी ती वही शाखेत सगळ्यांसमोर त्यांना परत दिली आणि गेल्या वर्षी त्यांना तूट भरायला लावल्याबद्दल माफी मागितली, हे मला फार बरं वाटलं, कारण ते करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तरी काही एंट्र्यांचा निकाल लागलाच नाही, वही नाही, फोन नाही, पावती कोरी. तिथे संचालक मंडळानं ठरवलं की ग्राहक जे सांगतो ते धरायचं, सस्पेन्स खात्यातून द्यायचं आणि कमी पडलं तर कंपनीनं भरायचं. कंपनीनं भरलं. फुलवाल्या मावशींना चवथीच्या आधी पूर्ण रक्कम मिळाली नाही, नंतर मिळाली, आणि त्या वर्षी सणाला त्यांना दुसरीकडून उसने घ्यावे लागले. मी हे यासाठी लिहितेय की "शेवटी सगळ्यांचे पैसे मिळाले" एवढंच लिहिलं तर ते खोटं नाही पण पुरेसं पण नाही.

वेगळं काय करता आलं असतं

यावर टीममध्ये अजून एकमत नाही. सीनियर आजही म्हणतात की मार्चच्या दबावात दुसरं काही शक्य नव्हतं. मला वाटतं शक्य होतं आणि ते महागही नव्हतं. तीच स्क्रिप्ट, तेच नियम, फक्त डिलीटच्या ऐवजी एका वेगळ्या टेबलमध्ये हलवायचं, कारण आणि वेळ लिहून. पाच सहा ओळींचा फरक. ऑडिटला आकडे तसेच दिसले असते, आणि चवथीला चूक कळली तेव्हा सगळं एका तासात परत आलं असतं. बग लपवायची वेळ आलीच तर पुरावा हलवा, जाळू नका, एवढी तरी अट प्रत्येक टीमनं स्वतःला घालून घ्यावी.

दुसरं, झाकायचं ठरवलं त्या दिवशीच मोजायला सुरुवात करायला हवी होती. स्क्रिप्टनं रोज किती एंट्र्या काढल्या, कुठल्या भागातल्या, हा आकडा रोज कुणाच्या तरी डोळ्यासमोर आला असता तर उन्हाळ्यात तो कमी आणि पावसात एकदम जास्त, आणि जास्त तो नेमका नेटवर्क नसलेल्या गावांत, हे पाऊस सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत दिसलं असतं. तो आलेख म्हणजेच बगचा पत्ता होता, आणि आम्ही तो रोज रात्री साडेबाराला पुसत होतो.

तिसरं टेस्टिंगबद्दल, हे माझं क्षेत्र. शेतात, बाजारात वापरायचं ॲप केबल लावलेल्या फोनवर तपासून चालत नाही. आता आमच्या चाचणीत एक ठरलेला भाग आहे: फोन चार्जिंगवरून काढा, पाठवताना मधेच विमान मोड लावा, ॲप मारा, फोन रीस्टार्ट करा, आणि मग सर्व्हरवर मोजा. दर व्हर्जनला. स्वस्त फोनवर, कारण एजंटांकडे तेच असतात.

आणि चौथं करारातलं, जे अजून झालेलं नाही. रिपोर्ट आणि रोख जुळली नाही तर कारण सापडेपर्यंत एजंटानं पैसे भरायचे नाहीत, फरक कंपनी आणि संस्था यांनी मिळून उचलायचा, असं कलम नवीन करारात घाला म्हणून मी मॅनेजरबाईंना लिहून दिलंय. त्यांनी मंडळासमोर ठेवलंय. कंपनीच्या बाजूनं विरोध आहे कारण खर्च वाढेल असं वाटतं. वाढेलही. पण मग बग किती दिवस उघडा राहिला याची किंमत, जो बग दुरुस्त करू शकतो त्याच्या खिशातून जाईल, आज ती काकांच्या कमिशनमधून जाते.